सात नंबरची पाठवणी

“झाकण एका अंगानं उचल आशा, आणि तिच्यावर श्वास सोडू नकोस. वारा लागला की तिला वाटतं, कुणीतरी खायला आलंय.”

हे दत्तूनं सांगितलं होतं ज्येष्ठात, पाऊस पडायच्या आधी. आता आश्विन सरत आला होता आणि दत्तू नव्हता. पण आशा रोज सात नंबरच्या डब्यापाशी आली की तो आवाज कानाशी तसाच्या तसा यायचा. मग ती मान थोडी वळवून, श्वास रोखून झाकण उचलायची. ओला कापूस बदलायची, पाण्यासाठी ठेवलेलं बाटलीचं बूच भरायची. कोपऱ्यात, नारळाच्या भुशात खणलेल्या बिळाच्या तोंडाशी दोन केसाळ पाय दिसायचे. आशा मनातल्या मनात हात जोडायची आणि झाकण लावायची.

कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात आशा चौदा वर्षं परिचर होती. बरण्या पुसणं, काचा धुणं, पेट्या मांडणं ही तिची कामं. दोन वर्षांपूर्वी संजना मॅडमनी कोळ्यांच्या विषावर काम सुरू केलं, तेव्हा ओळीनं मांडलेले डबे तिच्या वाट्याला आले; आता ते अकरा झाले होते. प्रत्येकात तळहाताएवढा एकेक कोळी, बिळात राहणारा, जाळं न विणणारा. पहिल्या दिवशी तिनं सासरी-माहेरी शिकवलेली सगळी स्तोत्रं एका दमात म्हणून टाकली होती. आठवड्याला एकेक झुरळ खायला घालायचं म्हटल्यावर ती मॅडमना म्हणाली, “मला नाही जमायचं. मी गुरुवार करते.” मॅडम म्हणाल्या, “मग शुक्रवारी घाला.” तेव्हापासून शुक्रवार. झुरळ सोडताना ती त्याचीही क्षमा मागायची.

तिचा नवरा दत्तू त्याच विभागाला लागणारी जीप चालवायचा. डोंगरात जायचं असलं की मॅडम त्यालाच बोलवायच्या, कारण पेठ-सुरगाण्याकडचा एकेक रस्ता त्याला पाठ होता. ज्येष्ठात सुरगाण्याच्या वरच्या अंगाला ते गेले, तेव्हा परवानगीचा कागद दाखवून मॅडम वर झाडीत शिरल्या आणि दत्तू खाली झिपरूच्या शेताच्या बांधावर बसला. झिपरू त्याच्या जुन्या ओळखीचा. त्याच्या दोन पोरींना दत्तूनं एकदा ऐन पावसात दवाखान्यात पोचवलं होतं. बांधाच्या उतारात एक बीळ होतं, आणि बिळात ही.

झिपरू आधी नाहीच म्हणाला. “वरची कितीबी न्या, दत्तूभाऊ. ही नाय. ही बांधावरची हाय. आय होती तवापासून बीळ हाय हितं. आय त्याच्यात काठीबी घालू द्यायची नाय.”

“अरे, मारायला नेत नाही. तिचं थोडं विष काढतात आणि बघतात काय होतं ते.”

झिपरूनं बराच विचार केला. मग म्हणाला, “आमच्यात बियाणं उसनं नेलं, तर पुढलं पीक कापायच्या आत परत आणून द्यावं लागतं. नाय आणलं तर त्या घरात परत कुणी काय देत नाय. ही उसनी समजून न्या. नागली कापायच्या आत हितंच, ह्याच बिळात आणून सोडा. दुसऱ्या बिळात नाय.”

दत्तूनं शब्द दिला. घरी येऊन आशाला सगळं सांगितलं, हसत हसत, ताटावर बसून. “बाईसाहेब पाहुण्या आल्यात गं तुझ्याकडे. चार महिन्यांनी, नाचणी कापायच्या आधी, पाठवणी करायचीय.” मॅडमना सांगायचं त्याच्या मनात होतं, ते राहून गेलं. वहीत ती नुसती ‘सात’ झाली.

आशाचा एक नेम होता. सकाळी अंघोळ झाली की तुळशीला पाणी, पाच प्रदक्षिणा, पोथीचा एक अध्याय आणि एकशे आठ मण्यांची एक माळ. हे सगळं होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. पंचवीस वर्षांपूर्वी दत्तू पहिल्यांदा घाटातली गाडी चालवायला लागला, तेव्हा सासूबाईंनी तिला हा नेम दिला होता. “तू सकाळी गप राहा, म्हणजे तो संध्याकाळी बोलत घरी येईल,” असं त्यांचं सांगणं. आशानं तो एक दिवस मोडला नव्हता. बाळंतपणात नाही, तापात नाही. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. दूधवाला घंटा न वाजवता पिशवी कडीला अडकवून जायचा. मॅडमसुद्धा सकाळी फोन करायच्या नाहीत.

श्रावणातल्या एका मंगळवारी माळ अर्ध्यावर आली होती. दत्तू दारात उभा राहिला, हातात जीपची किल्ली. डावा हात खांद्यापासून चोळत होता.

“आशा, हा हात बधिर झालाय बघ. मुंग्यासुद्धा येत नाहीत. अंगाखाली आला असेल रात्री.”

तिनं डोळे उघडले. त्याचा चेहरा घामानं ओला होता. उकाडा आहे, असं तिला वाटलं. तिनं तळहात वर केला. थोडं थांबा, एवढाच त्याचा अर्थ. बोटं मण्यावर होती. अजून पन्नासेक मणी राहिले होते.

तो हसला. “चालू दे तुझं. माझ्यासाठीच तर चाललंय,” म्हणाला आणि निघाला.

द्वारका चौकात, पुलाखाली, त्यानं जीप बाजूला घेतली. नीट घेतली. मागच्या कुणाला अडचण होणार नाही अशी, इंडिकेटर लावून. लोकांना बराच वेळ वाटलं, ड्रायव्हर डुलकी काढतोय.

डॉक्टर म्हणाले, अचानक झालं. नातेवाईक म्हणाले, अचानक झालं. सटाण्याहून लेक रूपाली आली, तीही रडत रडत तेच म्हणाली, “अचानक कसं गं झालं, आई?” आशानं तिला पाणी दिलं. दारात काय झालं होतं, ते तिनं कुणालाच सांगितलं नाही. आणि ती रडली नाही. तेराव्याला पंगतीत वाढताना गरम वरणाचा चटका बोटांना बसला, तो तिला संध्याकाळी फोड बघून समजला. भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं, नाहीतर पडायचंच नाही. तिला दोन्ही सारखंच लागायचं. रूपाली रोज फोन करायची. “आई, रडलीस का?” “नाही गं.” “रड एकदा.” “हो,” आशा म्हणायची, बाजारातून काहीतरी आणायला सांगावं आणि आपण हो म्हणावं, तसं.

नेम मात्र चालू होता. कुणासाठी, हे ती स्वतःला विचारत नव्हती. अंघोळ, तुळस, पोथी, माळ. बोटं फिरत राहायची.

भाद्रपदात मॅडमनी पहिल्यांदा सात नंबरच्या विषाचा प्रयोग लावला. कोळ्याला बर्फावर गार करून, अगदी हलकी वीज देऊन थेंबभर विष आधीच काढलेलं होतं. आता एका झुरळाचा पाय गार करून वेगळा घेतला होता आणि त्यात दोन टाचण्या खोचून तारा एका छोट्या स्पीकरला जोडल्या होत्या. मॅडमनी रंगकामाच्या कुंचल्याचा एक केस त्या पायावरच्या काट्याला लावला. स्पीकरमधून कढईत लाह्या फुटाव्यात तसा आवाज आला.

“हे काय?” आशानं विचारलं.

“ही नस बोलतेय, आशाताई. मला कुणीतरी हात लावला, असं सांगतेय.”

मग मॅडमनी पातळ केलेल्या विषाचा थेंब सोडला. थोड्या वेळानं लाह्या कमी झाल्या. आणखी थोड्या वेळानं एखाददुसरी. मग काहीच नाही. केस काट्याला घासत होता, काटा वाकत होता, स्पीकर गप्प.

“मेली नस?”

“नाही ना! तीच तर गंमत आहे.” मॅडम खुर्ची वळवून बसल्या. शिकवायला लागल्या की त्यांना समोर प्राध्यापक आहे की परिचर, याचं भान राहत नसे. “नसेच्या पेशीच्या अंगावर बारीक बारीक दारं असतात. बाहेर मिठातलं सोडियम उभं असतं. स्पर्श झाला की दार उघडतं, सोडियम आत शिरतं, त्यानं वीज तयार होते आणि लगेच दार मिटतं. मग पुढचं दार, मग त्याच्या पुढचं. असा निरोप जातो.”

“आणि विषानं दाराला कुलूप लागतं?”

“काही विषं तसंच करतात. थेट भोकात बूच मारतात. हिचं विष तसं नाही. दाराच्या कडेला एक भाग असतो, त्याला विजेची चाहूल लागते. तो हलला की दार उघडतं. हिचं विष त्या भागालाच मिठी मारून बसतं. चाहूल आलेली असते, पण त्याला हलता येत नाही. बाहेर सगळे उभे, आत निरोप नाही.” मग त्या म्हणाल्या, “दुसऱ्या काही कोळ्यांचं बरोबर उलट असतं. ती दार मिटूच देत नाहीत. कळ सुरू झाली की थांबतच नाही.”

आशानं बर्फाचा ट्रे उचलला. “म्हणजे यातलं बरं कुठलं?”

“आपल्याला? आपल्याला हे गप्प करणारं हवंय. दुखण्याचीच दारं तेवढी धरून ठेवणारं विष सापडलं, तर त्यातून औषध करता येईल. ज्यांचं दुखणं कशानंच थांबत नाही, त्यांच्यासाठी. आणि अकरा डब्यांत इतकं शांत करणारी ही एकटीच आहे.”

मॅडमनी नंतर तो पाय खारट पाण्यानं धूत ठेवला, पुन्हा पुन्हा. तासाभरानं आशा काचा पुसत असताना मागून टप्, असा आवाज आला. मग बऱ्याच वेळानं आणखी एक. ती तिथंच उभी राहिली, हातात फडकं. मॅडम म्हणाल्या, “सुटतंय हळूहळू.” आशाला त्यावर काही वाटलं नाही. तिनं फक्त काच पुसायची ठेवली आणि चार लाह्या होईपर्यंत मोजल्या.

आश्विनाच्या शेवटी एका शनिवारी सात नंबरचं विष पुन्हा काढलं होतं. सोमवारी दुपारी मॅडम म्हणाल्या, “आशाताई, उद्या सकाळी सात नंबर घ्यायचीय. विष काढल्यावर तीन-चार दिवसांनी ग्रंथी नवं विष करायच्या घाईत असते. तेव्हाच ती कापून घेतली तर विष कसं बनतं, त्याची सगळी कृती तिच्यात लिहिलेली सापडते. ती गोठवायला द्रव नायट्रोजनचा सिलिंडर आलाय, कृती वाचायला पुण्याच्या मशीनची वेळही मिळालीय.”

“घ्यायची म्हणजे?”

“म्हणजे... ती राहणार नाही. भूल देऊ. तिला कळणार नाही काही.”

आशानं मान हलवली. नागली, बांध, उसनी, हे सगळं तिला आठवलं होतं. आठवून ते तिथंच उभं राहिलं, पुढं सरकलं नाही. ती पिशवी उचलून घरी आली आणि संध्याकाळचा दिवा लावला.

दत्तूचा फोन ती रोज चार्ज करायची. का, ते माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी तो वाजला.

“दत्तूभाऊ हायत का?”

“मी त्यांची... मी आशा बोलतेय. कोण?”

“वहिनी, मी झिपरू. सुरगाण्याचा. रेंज घ्यायला टेकडीवर आलोय. भाऊला सांगा, नागली पिकली. दोन दिसांत इळा लावतो. बिळातल्या बाईसाहेब कवा येतात? बीळ तसंच ठेवलंय. पावसात माती ढासळली होती, मी नीट केली.” तो हसला. “आमची घरवाली भागीबाई मला म्हणती, सोयऱ्याची वाट बघावी तसा बघतूस कोळ्याची.”

त्याला माहीत नव्हतं. कोण कळवणार? आशानं तोंड उघडलं. ‘ते गेले’ हे दोन शब्द गळ्यापर्यंत आले आणि तिथंच धरले गेले.

“वहिनी? ऐकू येतंय ना? येतो ना भाऊ?”

“आणते,” आशा म्हणाली. “उद्या आणते.”

फोन बंद झाल्यावर तिला कळलं, आपण काय बोललो ते.

मंगळवारी ती नेहमीच्या वेळेला उठली. माळ संपली की आठ वाजतात, साडेआठला लॅब उघडते. तेव्हा मॅडमना सांगू, असं तिनं ठरवलं. अंघोळ झाली, तुळशीला पाणी घातलं, अध्याय संपला, माळ हातात घेतली. मणी पन्नाशीच्या पुढं गेले असतील, तेवढ्यात फोन थरथरला. मॅडमचं नाव. ती बघत राहिली. वाजून थांबला. लगेच आवाजाचा निरोप आला. तिनं दुसऱ्या हाताच्या बोटानं तो दाबला. ऐकायला नेमाची आडकाठी नव्हती.

“आशाताई, सॉरी, तुमच्या वेळेत त्रास देतेय. सिलिंडरमधला नायट्रोजन रात्रीतून बराच उडून गेलाय, थांबले तर काही उरणार नाही. मी लॅबवरच आहे, लगेच सुरू करते. सात नंबर मीच घेते. तुम्ही माळ संपवून सावकाश या.”

आशानं पुढचा मणी ओढला. मग त्याच्या पुढचा. दारात कुणी उभं नव्हतं. तरी तिनं दाराकडे पाहिलं. उंबऱ्याशी चपलांची एकच जोडी होती, तिची. माझ्यासाठीच तर चाललंय, तो म्हणाला होता. तिचा तळहात आपोआप वर झाला, त्या दिवशी झाला होता तसाच, आणि हवेत राहिला.

तिनं माळ मांडीवर ठेवली आणि फोन लावला.

“मॅडम, थांबा.”

आवाज इतका जोरात आला की तिची तीच दचकली. पलीकडे काहीतरी धातूचं ओट्यावर ठेवल्याचा आवाज झाला.

“आशाताई? तुम्ही बोलताय? अहो, आत्ता तर तुमचं...”

“थांबा. तिला हात लावू नका. ती आपली नाही.”

“आपली नाही म्हणजे?”

“उसनी आणलीय.” आणि मग तिनं सांगितलं. झिपरूचा बांध, बियाण्याची रीत, नागली, दत्तूचा शब्द, कालचा फोन. मागचंपुढचं होत होतं, तरी सांगत राहिली.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांचा आवाज चढला. “चार महिने! चार महिन्यांत एकदा सांगता आलं नाही? दोन वर्षं घातलीत मी यात. हिच्यासारखी दुसरी मिळेलच असं नाही. पुण्याच्या लोकांना काय सांगू, कोळ्याची पाठवणी आहे?”

“सांगा उसनी होती म्हणून.”

“आशाताई, गंमत नाही ही.”

“मी नाही करत गंमत. काल तुम्ही म्हणालात तेव्हाच मला बोलायला हवं होतं. माझ्याच्यानं वेळेवर बोलणं होत नाही.” ती थांबली. श्वास घेतला. “श्रावणात ते दारात उभे राहून म्हणाले होते, हात बधिर झालाय. घाम फुटला होता त्यांना. मी माळेवर होते. मी बोलले नाही, मॅडम. मी नुसता असा हात केला.”

तिनं तो हात पुन्हा केला, पलीकडच्या बाईला दिसणार नव्हता तरी.

लॅबमधला पंखा ऐकू येत होता. मग मॅडमचा आवाज आला, बारीक. “हे कुणाला सांगितलंत?”

“आत्ता. तुम्हाला.”

डब्याचं झाकण बसल्याचा आवाज आला. “नऊ आणि दहा तिथल्याच वरच्या झाडीतल्या आहेत,” मॅडम म्हणाल्या. “लहान आहेत. त्यांचं विष सातइतकं शांत करत नाही, पण... आज त्यांचं काढते. शुक्रवारी दोघींची ग्रंथी घेते. सिलिंडर परत मागवते.” मग म्हणाल्या, “शुक्रवारी तुम्ही येऊ नका.”

“येईन,” आशा म्हणाली. एकीच्या बदल्यात दोघी जाणार होत्या, आणि ते आपल्या शब्दानं झालं, हे तिला समजत होतं. त्यांच्या वेळी आपण तिथं नसणं तिला बरं वाटेना.

तिनं माळ तशीच, जिथं बोट थांबलं होतं तिथं धागा गुंडाळून, गोमुखीत घातली. पुरी केली नाही. देवापुढं उभी राहिली, पण काय म्हणायचं ते सुचेना, म्हणून नुसता दिवा सारखा केला.

लॅबमध्ये मॅडम पाठमोऱ्या होत्या, काहीतरी लिहीत. सात नंबरचा डबा दाराजवळच्या टेबलावर काढून ठेवलेला होता, आत ताजा ओला कापूस. शेजारी कॉलेजच्या शिक्क्याचा एक कागद, वाटेत कुणी विचारलं तर दाखवायला. आशानं दत्तूचा निळा टॉवेल आणला होता. तो डब्याभोवती सैल गुंडाळला, भोकं मोकळी ठेवून.

“घाटात ऊन लागू देऊ नका तिला,” मॅडम मागं न बघता म्हणाल्या.

दिंडोरी नाक्यावर सुरगाण्याची जीप भरत आली होती. ड्रायव्हर पिकलेल्या मिशांचा, दत्तूच्या ओळखीतला असावा, पण त्यानं तिला ओळखलं नाही. तिनं पुढची खिडकीची जागा मागितली. डबा मांडीवर घेतला. आत भुसा सरकल्याचं टॉवेलमधून हाताला जाणवलं. अगदी हलकं, पण जाणवलं. तिकडे पोचल्यावर बांधावर उभा झिपरू जीपमध्ये मागं वाकून बघणार, भाऊ कुठंय म्हणून. ते दोन शब्द तिला म्हणावे लागणार होते. तिनं ते ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिले. घसा दुखला.

जीप निघाली.

“मावशी, डब्यात काय सांभाळून नेताय एवढं?” ड्रायव्हरनं गिअर टाकत विचारलं.

“पाहुणी आहे,” आशा म्हणाली. “तिच्या घरी पोचवायचीय.”

बोलताना तिनं तोंड खिडकीकडे वळवलं होतं, श्वास डब्यावर जाऊ नये म्हणून.